नांगर कुठे टाकायचा? : मॉरिशसची दोन बंदरे आणि लस्कर

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी तख्त, तलवार आणि तह यांच्याभोवतीच फिरत राहते. समुद्र त्यात फारसा येत नाही. आलाच तर हजच्या जहाजापुरता किंवा जंजिऱ्याच्या तोफांपुरता. वास्तविक कोकणपट्टीवरच्या कितीतरी मुसलमान घरांत चूल पेटली ती समुद्रावरच्या कमाईने. नाखुदा, सारंग, तांडेल ही आपल्यातली आडनावे आहेत, आणि तरीही या आडनावांच्या माणसांनी नेमके काय काम केले हे आपण मुलांना सांगत नाही. उर्दू शाळेत जुग्राफिया शिकवताना हिंदी महासागराचा नकाशा फळ्यावर टांगला की मला हे नेहमी जाणवते. मुलांना व्यापारी वारे पाठ असतात, पण त्या वाऱ्यांत माणसे जहाज कशी उभी करत, हे कोणी विचारत नाही आणि पुस्तकातही नसते.

उर्दूत जहाज बंदरात थांबले की ते 'लंगरअंदाज' झाले असे म्हणतात, मराठीत नांगर टाकला म्हणतात. दोन्ही भाषांत हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. पण शिडाच्या जहाजावरच्या नाखुद्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की सगळ्या सफरीत सर्वांत अवघड निर्णय हाच. खोल समुद्रात चूक झाली तर ती दुरुस्त करायला जागा असते. किनाऱ्याजवळ ती नसते. त्यातही उष्ण कटिबंधातले बेट म्हणजे भोवती प्रवाळाचे कडे. पाण्याखाली हातभर खोलीवर दगडासारखी कठीण भिंत, आणि तिच्यात कुठेतरी एखादी वाट. ही वाट बहुधा नदीच्या मुखासमोर सापडते, कारण गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही. ज्याला हे ठाऊक तो नदी शोधतो, ज्याला ठाऊक नाही तो पांढरी वाळू पाहून भुलतो.

मॉरिशस बेटाच्या इतिहासात हा निर्णय तीनचारशे वर्षे पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. आपल्या लोकांचाही त्याच्याशी संबंध आहे, म्हणून ही कथा इथे मांडते.

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे आठशे-नऊशे किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर हे बेट आहे. जेमतेम पासष्ट किलोमीटर लांबीचे. अरब दर्यावर्दींना ते माहीत होते. 1502 च्या कांतिनो नकाशावर या भागातल्या बेटांना 'दिना' या शब्दाने सुरू होणारी नावे आहेत, आणि ती अरबांकडून पोर्तुगिजांकडे आली हे अभ्यासक मान्य करतात. मग अरबांनी इथे वस्ती का केली नाही? माझ्या मते उत्तर वाऱ्यात आहे. ज्याला आपण मोसम म्हणतो तो मूळचा अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ. अर्धे वर्ष वारा नैऋत्येकडून, अर्धे वर्ष ईशान्येकडून. जा आणि परत या, दोन्हीची सोय निसर्गानेच केलेली. झांजिबार, मोंबासा, कोमोरो ही बेटे आणि बंदरे या सोयीच्या आत येतात. मॉरिशस तिच्या बाहेर पडते. तिथे बारा महिने आग्नेयेकडून वारा वाहतो, तो परतीसाठी फिरत नाही. निर्जन बेटावर विकायला काही नाही, घ्यायला काही नाही. तिथे कोण कशाला जाईल?

डच मात्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून जावा-सुमात्राकडे जात होते. त्यांना मधे पाणी आणि लाकूड हवे होते. 1598 च्या सप्टेंबरात वायब्रांट व्हॅन वॉरविकची जहाजे बेटाच्या आग्नेय बाजूच्या मोठ्या उपसागरात शिरली. आज त्या जागेला ग्रँड पोर्ट म्हणतात. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव दिले आणि 1638 मध्ये तिथेच किल्ला बांधून वस्ती केली.

हे बंदर निवडण्याला कारण होते. उपसागर विस्तीर्ण, कड्यात वाट, नदीचे गोडे पाणी, आणि मुख्य म्हणजे वारा पाठीशी. आग्नेयेचा वारा शिडात भरला की जहाज आपसूक आत येते. दमलेल्या, रक्तपितीने खंगलेल्या खलाशांना याहून मोठी कृपा कोणती? अडचण परत निघताना कळते. ज्या वाऱ्याने आत आणले तोच वारा आता तोंडावर. अरुंद वाटेत, दोन्ही बाजूंना प्रवाळ असताना, वाऱ्याविरुद्ध आडवीतिडवी वळणे घेत बाहेर पडणे हे मोठ्या शिडाच्या जहाजाला जवळजवळ अशक्य. वारा मंद होण्याची किंवा जरासा फिरण्याची वाट पाहत जहाजे अडकून पडत. डचांची वस्ती दोनदा झाली आणि दोनदा उठली. 1710 मध्ये त्यांनी बेट कायमचे सोडले. उंदीर, वादळे, दुष्काळ, पळालेले गुलाम अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्या यादीत बंदराचेही नाव असायला हरकत नाही.

1715 मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला आणि त्याला इल द फ्रान्स म्हटले. त्यांच्यापुढे दोन बंदरे होती. एक डचांचे आग्नेयेचे, दुसरे वायव्येचे, ज्याला पुढे पोर्ट लुई हे नाव मिळाले. वायव्येचे बंदर लहान, पण डोंगरांच्या आडोशाला. इथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे सगळा हिशेब उलटा. नांगर उचलला, शीड सोडले की जहाज बाहेर. आत येताना मात्र वारा तोंडावर. कंपनीच्या लोकांत सुरुवातीला दोन्ही बंदरांबद्दल दुमत होते. अखेर कौल वायव्येच्या बाजूने लागला. 1735 मध्ये माहे द ला बूर्दोने गव्हर्नर म्हणून आला, आणि त्याने गोदी, धक्के, कोठारे, इस्पितळ, पाण्याचा कालवा हे सगळे पोर्ट लुईत उभे केले. आरमार ठेवायचे तर ते हुकूम मिळताच बाहेर पडता आले पाहिजे, हे त्याला कळत होते. 1746 मध्ये त्याने इंग्रजांकडून मद्रास घेतले, ते याच बेटावरून नेलेल्या आरमाराच्या जोरावर.

आता प्रश्न राहिला आत येण्याचा. वारा तोंडावर असताना जहाज आत कसे घ्यायचे? त्याची एक जुनी रीत आहे. छोट्या होडीत नांगर घालून तो जहाजाच्या बराच पुढे नेऊन टाकायचा. मग जहाजावरच्या माणसांनी दोर ओढत जहाज त्या नांगरापर्यंत आणायचे. तोवर दुसरा नांगर आणखी पुढे गेलेला असतो. असे हाताहाताने, दोरादोराने शेकडो टनांचे जहाज बंदरात ओढून आणायचे. इतिहासाच्या पुस्तकात 'ला बूर्दोनेने बंदर बांधले' असे एक ओळीचे वाक्य असते. त्या वाक्याच्या पोटात हे दोर ओढणारे हात आहेत. त्यांत मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, तसेच हिंदुस्तानच्या किनाऱ्यावरून आणलेले खलाशीही होते.

या खलाशांना 'लस्कर' म्हणत. शब्द आपल्याच फार्सीतल्या 'लश्कर'मधून निघालेला, पोर्तुगिजांच्या जिभेवरून फिरून आलेला. त्यांतले बहुतेक मुसलमान होते. गुलामांहून त्यांचा दर्जा वेगळा, ते करारावर किंवा पगारावर असत. पण गोऱ्यांच्या गावात त्यांना राहू देत नसत. पोर्ट लुईच्या कडेला त्यांच्यासाठी वेगळी वस्ती होती, कां दे लास्कार, म्हणजे लस्करांची छावणी. बेटावरची पहिली मशीद याच वस्तीत झाली. 1805 मध्ये गव्हर्नर डेकाँने तिला परवानगी दिली. आज ती अल-अक्सा मशीद म्हणून ओळखली जाते. मोहरममध्ये ताजियांची मिरवणूक हे लोक काढत, तिला क्रिओल भाषेत 'याम्से' असे नाव पडले, 'या हुसैन' या घोषाचा तो अपभ्रंश. पुढे तिला 'घून' म्हणू लागले. क्रिओलमध्ये 'लास्कार' याचा अर्थ बदलत बदलत सरसकट मुसलमान असा झाला, आणि तो बहुधा हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. एका कष्टाच्या कामाचे नाव शिवी व्हावी, हे काही फक्त तिथेच घडलेले नाही.

मला इथे एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. बेटावरच्या मुसलमानांचा इतिहास सांगताना पोर्ट लुईच्या भव्य जुम्मा मशिदीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. ती 1850 च्या दशकात कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी उभारायला घेतली. इमारत देखणी आहे, यात वाद नाही. पण तिच्याआधी जवळजवळ अर्धशतक, बंदराच्या कामावरून परतलेली माणसे छावणीतल्या साध्या मशिदीत नमाज पढत होती. शेठजींचे नाव शिलेवर राहते, सारंगाचे राहत नाही.

वायव्येचे बंदर निवडले म्हणून धोका टळला असे मात्र नव्हे. युरोपाकडून येणारी जहाजे बेटाच्या पूर्वेकडून, उत्तर टोकाला वळसा घालून पोर्ट लुईला जात. म्हणजे वारा त्यांना सतत बेटाच्या कड्याकडे ढकलत असे. 17 ऑगस्ट 1744 रोजी 'सँ-जेराँ' नावाचे जहाज बेटाच्या ईशान्येला पोहोचले. साखर कारखान्याची यंत्रे त्यावर होती. संध्याकाळ झाली होती. कप्तानापुढे दोन मार्ग होते: अंधारात पुढे जाऊन नांगर टाकायची जागा गाठायची, किंवा रात्र बाहेर काढून सकाळी जायचे. त्याने दुसरा निवडला. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण तो समुद्र स्वस्थ उभे राहू देणारा नव्हता. रात्रीतून जहाज वाहत गेले आणि पहाटेपूर्वी इल द आंब्रजवळच्या प्रवाळावर आदळले. दोनशेहून अधिक माणसांपैकी नऊ वाचली. पुढे बर्नार्दाँ द सँ-पिएर या लेखकाने 1788 मध्ये 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी लिहिली, तिच्या शेवटी हेच जहाज बुडते. जगाला नायिकेचे बुडणे आठवते, कप्तानाची रात्र आठवत नाही.

1810 साली इंग्रजांनी हाच धडा फार महाग किमतीला घेतला. बेट फ्रेंचांचे, आणि तिथून निघणारी जहाजे इंग्रजांच्या हिंदुस्तानच्या व्यापारावर झडप घालत. ऑगस्टमध्ये चार इंग्रज युद्धनौकांनी ग्रँड पोर्टच्या उपसागरात शिरून फ्रेंच जहाजांवर हल्ला केला. वारा पाठीशी होता, आत जाणे सोपे. पण उपसागराच्या पोटात उथळ जागा कुठे आणि वाट कुठे, हे सांगणारा वाटाड्या बहुतेक जहाजांवर नव्हता. 'सिरियस' आणि 'मॅजिसिएन' प्रवाळावर रुतल्या, 'नेरेइड' गोळ्यांनी चाळणी होऊन शरण गेली, 'इफिजेनिया'लाही शेवटी झेंडा उतरवावा लागला. रुतलेल्या दोन्ही नौका इंग्रजांनी स्वतःच्या हाताने जाळल्या.

कोकणातला वाचक इथे विचारेल, रुतली तर भरतीची वाट का पाहिली नाही? आपल्या खाड्यांत पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते. गलबत चिखलात बसले तर तांडेल विडी पेटवतो आणि भरतीपर्यंत थांबतो. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक साधारण अर्ध्या मीटरचा. तिथे जे रुतले ते रुतले. एका समुद्रावरचे शहाणपण दुसऱ्या समुद्रावर चालत नाही ते असे.

फ्रेंचांनी या विजयाचे नाव पॅरिसच्या विजय-कमानीवर कोरले. पण तीनच महिन्यांनी बेट गेले. इंग्रजांनी या वेळी आधी काम केले. उत्तरेच्या किनाऱ्यावर मोठे आरमार नांगर टाकू शकणार नाही, असा सर्वांचा समज होता. त्यांनी छोटी नौका पाठवून तिथली खोली गुपचूप मोजून घेतली. बेटाचे उत्तर टोक आणि 'कोआँ द मीर' नावाचा सुळक्यासारखा लहान बेटुकला यांच्या दरम्यान वाट आणि नांगराला जागा सापडली. 29 नोव्हेंबर 1810 रोजी सुमारे सत्तर जहाजे तिथे येऊन उभी राहिली आणि दहा हजारांच्या आसपास सैन्य उतरले, त्यात हिंदुस्तानी शिपाईही होते. 3 डिसेंबरला डेकाँने तहावर सही केली. दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजणाऱ्या माणसाने ही लढाई निम्मी जिंकून दिली होती.

इंग्रजांच्या काळात पोर्ट लुईच राजधानी राहिली. या बंदराची एक उणीव होती, ती वादळात दिसे. व्यापारी वाऱ्यापासून डोंगर आडोसा देतात, पण चक्रीवादळात वारा दिशा बदलत जातो. तो वायव्येकडे फिरला की बंदराचे तोंड सताड उघडे. फ्रेंचांच्याच काळात, 1770 च्या दशकात, त्रोमलँ नावाच्या अधिकाऱ्याने गाळ काढून बंदराच्या आतल्या बाजूचा 'त्रू फाँफारों' हा लहान जलाशय जहाजांना वादळात लपण्यासाठी तयार करायला घेतला होता. पण प्रत्येक जहाजाला तिथे जागा मिळणार कशी? बाकीच्यांनी काय करायचे, बंदरात थांबायचे की समुद्रावर निघून जायचे? फेब्रुवारी 1845 मध्ये 'चार्ल्स हेडल' नावाचे जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडले आणि वाऱ्यापुढे पळता पळता त्याने वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. त्याच्या नोंदवहीवरून कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने वादळाचे फिरणे समजावून सांगितले. 'सायक्लोन' हा शब्दही त्याचाच, 1848 चा. 1851 मध्ये मॉरिशसला हवामानशास्त्र मंडळ निघाले. एवढे होऊनही 29 एप्रिल 1892 च्या वादळाने पोर्ट लुईचा मोठा भाग पाडला आणि बाराशेच्या आसपास माणसे मेली. एप्रिल अखेर म्हणजे वादळांचा हंगाम सरत आलेला. लोक बेसावध होते.

आतापर्यंत ज्यांनी जागा निवडली त्यांच्याबद्दल लिहिले. ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी निवडली त्यांची गोष्ट वेगळी आहे. गुलामगिरी संपत आल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्तानातून गिरमिटिये आणायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर आले. पुढच्या सुमारे पाऊणशतकात साडेचार लाखांहून अधिक. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी होते, त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी शिकतात. 1849 मध्ये याच त्रू फाँफारोंच्या काठावर मजूर उतरवण्याचा तळ बांधला गेला. जहाजांना वादळात लपवणारी जागा आता माणसांची नोंद करणारी जागा झाली. तिथल्या दगडी सोळा पायऱ्या अजून आहेत. नोंदवहीत नाव, गाव, वय आणि जात लिहीत. मुसलमान असेल तर जातीच्या रकान्यात 'मुसलमान'.

पण सगळेच त्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले नाहीत. 1854 मध्ये बेटावर कॉलऱ्याने हाहाकार केला होता. जानेवारी 1856 मध्ये कलकत्त्याहून 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजे आली, त्यांवर कॉलरा असल्याचे कळले. नावे पाहा! पोर्ट लुईच्या लोकांनी त्यांना बंदरात घेऊ नये म्हणून ओरड केली आणि सरकार नमले. बेटाच्या उत्तरेला गॅब्रिएल नावाचे एक ओसाड बेटुकले आहे. तिथे मजुरांना उतरवले. छप्पर नाही, पुरेसे पाणी नाही, औषध नाही, आणि दिवस वादळी पावसाचे. सुमारे सातशे माणसांपैकी पावणेतीनशेच्या वर तिथेच मेली. जहाज सुरक्षित, शहर सुरक्षित; नांगर टाकायची जागा अगदी विचारपूर्वक निवडलेली होती. बातमी पोहोचल्यावर हिंदुस्तान सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ थांबवले. मळेवाल्यांना तेव्हा त्या माणसांची किंमत कळली, अर्थात उसाच्या हिशेबात.

1869 मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि युरोप-हिंदुस्तानची जहाजे लाल समुद्रातून जाऊ लागली. आगबोटीला वारा कुठून येतो याची तितकी फिकीर नसते. पोर्ट लुईचे जुने महत्त्व ओसरले. आणि समुद्र आपले जुने नियम विसरला असेही नाही. 25 जुलै 2020 रोजी 'वाकाशियो' हे तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ग्रँड पोर्टच्या अगदी शेजारी पॉइंट द'एस्नी इथे प्रवाळावर चढले. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याच्या जवळ आले होते, असे चौकशीत पुढे आले. आग्नेयेच्या लाटा त्याला दिवसेंदिवस कड्यावर घासत राहिल्या, शेवटी ते दुभंगले. जवळजवळ एक हजार टन तेल समुद्रात गेले. किनाऱ्यावरच्या माणसांनी उसाचे पाचट पोत्यांत भरून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध केले. 1598 मध्ये वॉरविकला आत आणणारा वारा तोच होता.

हौसेने शिडाच्या होड्या घेऊन येणारे लोक आजही आधी पोर्ट लुईलाच येतात, कारण परदेशी होडीची कागदपत्रे तिथे होतात. कोदाँ या भागात त्यांच्यासाठी लहानसा मरीना आहे, गर्दी झाली की जागा मिळत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळाचे महिने, त्या आधी शहाणे लोक निघून जातात. काही जण उत्तरेला ग्रँड बेमध्ये नांगर टाकतात, 1810 मध्ये इंग्रजांचे सैन्य उतरले त्याच किनाऱ्यावर. तिथून रोज सकाळी पर्यटकांच्या होड्या गॅब्रिएलकडे निघतात. बेटाच्या आडोशाला निळ्या पाण्यात नांगर टाकतात, दुपारी जेवण होते, आणि संध्याकाळी वारा पडायच्या आत परत येतात.